डबे तिथेच आहेत ना?

३ डिसेंबर

प्रिय ताई,

हे पत्र तुला शिंपीकाका वाचून दाखवतील. त्यांचं पोस्टकार्ड आलं नसतं तर तू कुठे आहेस हेही मला कळलं नसतं, म्हणून आधी त्यांना नमस्कार. काका, तुमचं दुकान लाँड्रीच्या समोर आहे आणि तिथल्या बायकांची पत्रं तुम्ही वाचून देता, एवढंच मला तुमच्याबद्दल माहीत आहे. पुढचं सावकाश वाचाल का? ताईला घाईघाईने सांगितलेलं आवडत नाही.

ताई, चार वर्षांनी लिहितेय. कशी आहेस असं विचारणार होते, पण कशी आहेस ते काकांनीच कळवलंय. लाँड्रीत हजेरीचं यंत्र बसवलंय. अंगठा टेकवला की हिरवा दिवा लागतो. सगळ्यांचा लागतो, तुझा लागत नाही. सोड्याच्या पाण्याने आणि या थंडीने तुझ्या बोटांना इतक्या भेगा पडल्यात की यंत्राला रेषाच सापडत नाहीत. दिवसभर तू चादरी पिळतेस आणि यंत्र तुला गैरहजर म्हणतं. मालक म्हणाले आहेत, जानेवारी संपेपर्यंत अंगठा लागला नाही तर दुसरी बाई बघतो.

आपल्या घरात तुझी सही म्हणजे अंगठा. माझ्या शाळेच्या प्रवेशाच्या कागदावर आईचा नाही, तुझा अंगठा आहे. आईला त्या दिवशी ताप होता. तू म्हणालीस, "मी मोठी आहे, माझा घ्या." गुरुजी म्हणाले, "तू किती मोठी?" तू म्हणालीस, "हिच्याहून मोठी." तो कागद अजून माझ्या पेटीत आहे. त्या अंगठ्याच्या रेषा मोजता येतात. मी मोजल्यात.

सोबत मलमाचा डबा पाठवतेय. नवा आहे, कारखान्याचं सील आहे. हात गारठले की कढत पाण्यात बुडवून शेकावेसे वाटतात, ते करू नकोस. पाणी कोमटच घे. साबण जेवढ्यास तेवढा. धुतल्यावर खसाखसा पुसायचं नाही, टॉवेल नुसता टेकवून टिपायचं, आणि कातडी जराशी ओलसर आहे तोवरच मलम लावायचं, दोन-तीन मिनिटांच्या आत. आतली ओल आत कोंडली गेली पाहिजे. हात कोरडे ठणठणीत झाल्यावर लावलं तर अर्धं फुकट जातं. झोपताना जाड थर लाव आणि हातांत जुने सुती मोजे चढव, कुणी हसलं तरी. कामावर रबरी हातमोजे, पण त्यांच्या आत सुती, नाहीतर घामाने आणखी चिघळेल. एखादी भेग लाल होऊन ठसठसायला लागली किंवा पू दिसला, तर माझं ऐकत बसू नकोस, डॉक्टरकडे जा.

काका, शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

त्या हिवाळ्याबद्दल मी काही लिहीत नाही. पत्रात मावणारही नाही.

तुझी धाकटी


१५ डिसेंबर

प्रिय ताई,

डबा परत आला. सील तसंच होतं. सुतळीची गाठसुद्धा मी मारलेलीच होती, म्हणजे तू पुडकं उघडलंही नाहीस. पत्र मात्र परत आलं नाही, म्हणून समजते की ते तुझ्यापर्यंत पोचलं.

मी फार सूचना लिहिल्या का? मला तसं होतं. इथेही सगळे तेच म्हणतात. मी एका वृद्धाश्रमात मदतनीस आहे, हे तुला कुणी सांगितलं असेल-नसेल. हिवाळ्यात इथे खोल्याखोल्यांत हवा गरम करणारी यंत्रं लावतात. थंडी जाते, पण हवा अशी सुकते की म्हाताऱ्यांची कातडी जुन्या कागदासारखी होते. म्हणून प्रत्येक यंत्राजवळ मी पाण्याचं पातेलं ठेवते, आणि सकाळच्या अंघोळी आटपल्या की मलमाची फेरी माझ्याकडे असते. हात, नडग्या, टाचा. बारा खोल्या, एकवीस माणसं.

चार नंबरमधले निवृत्त मास्तर रोज तेच म्हणतात, "चाळीस वर्षं खडूने हात वाळवलेत मी. तू चार दिवसांत काय ओले करणार?" आणि हात पुढे करतात. सहा नंबरच्या आजींना आम्ही राणीसाहेब म्हणतो. त्या म्हणतात, "माझ्या पायाला हात लावायचा तर आधी तुझे हात गरम करून ये. मी काय मासळी आहे?" मग मी हात काखेत धरून त्यांच्या समोर उभी राहते आणि त्या घड्याळ बघतात.

मला इथे 'नाकवाली' म्हणतात. कारण कुठलाही डबा उघडला की आधी मी वास घेते. मोठ्या नर्सबाई एकदा म्हणाल्या, "अगं, वर चिठ्ठी आहे की. शिकलेली ना तू?"

मी म्हटलं, "चिठ्ठी वाचते. मग वास घेते."

"मग चाटूनही बघत जा," त्या म्हणाल्या. सगळ्या खो खो हसल्या. त्यांचं काही चुकलं नाही. मी का वास घेते ते मी कुणाला सांगितलेलंच नाही.

टाचांना मी सगळ्यात जास्त वेळ लावते. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या तळव्यांना भाजलेलं, कापलेलं कळतच नाही, म्हणून त्यांचे पाय रोज उजेडात धरून बघावे लागतात. आईचे

काका, 'आईचे' हा शब्द वाचू नका, तो चुकून लिहिला गेला. खोडलं असतं, पण खाडाखोड झाली की वाचणाऱ्याला त्रास होतो.

ताई, डबा पुन्हा पाठवतेय. लावायचं नसेल तर निदान हातमोजे घाल. ते वेगळ्या पिशवीत आहेत.

तुझी धाकटी


२१ डिसेंबर

पोरी,

मी शिंपी लिहितोय. तुझं अक्षर इतकं सुबक की मला चष्मा लागत नाही, पण वाक्यं इतकी लांब की मध्ये चहा घेऊन यावं लागतं. असो.

तू न वाचायला सांगितलेलंही मी वाचलं. माझा नियम आहे, पत्रात आहे ते सगळं वाचायचं. शिंपी कापडातला तुकडा ठेवून घेतो असं लोक म्हणतात. पत्रातला तरी कुणी म्हणायला नको.

तुझी ताई इस्त्रीच्या टेबलाला टेकून ऐकत होती. मास्तरांचं आलं तेव्हा हसली. राणीसाहेबांचं आलं तेव्हा म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं, हिचे हात पहिल्यापासून बर्फ." 'आईचे' आलं आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी आली ती डबा घेऊनच. "काका, हा परत पाठवा. तिला लिहा, या हातांना मलम नको. याच हातांनी मी आईच्या टाचांचं मातेरं केलं. मामा म्हणाले ते काही खोटं नाही, अक्षरशत्रूच्या हाती औषध दिलं की हेच व्हायचं. त्या दिवसापासून मी कुणाच्या अंगाला काही लावत नाही. माझ्याही नाही."

मी म्हटलं, "अगं पण हात तुझेच आहेत ना? त्यांच्यावर कसला राग?"

ती म्हणाली, "दुसऱ्या कुणावर काढू?"

सोमवारी सकाळी तिने यंत्रावर अकरा वेळा अंगठा टेकवला. मागे रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, "अगं, यंत्र लाजतंय तुझ्याकडे बघायला." तीही हसली. नंतर माझ्या दुकानात आली तेव्हा दोन्ही हात काखेत घट्ट दाबून उभी होती. तू लिहिलंस तशीच. तुमच्या घरातली रीतच दिसते ती. मी मालकाला जाऊन सांगून आलो, तिची हजेरी वहीत लिहा म्हणून. तो म्हणतो, "वहीच ठेवायची तर यंत्र कशाला आणलं?" जानेवारी संपला की संपलं, हे त्याने पुन्हा सांगितलं.

तुमच्यात काय झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारत नाही. पण पोरी, दोन पत्रांत तू वरच्या कापडाबद्दल सगळं लिहिलंस. अस्तराबद्दल एक ओळ नाही. मी शिंपी आहे, माझ्या ते लक्षात येतं.

हातमोजे तिने ठेवून घेतलेत. वापरत नाही, पण परत दिले नाहीत.

शिंपीकाका


२६ डिसेंबर

प्रिय ताई,

या पत्राचं पहिलं पान मी फाडून टाकलं. त्यावर लिहिलं होतं, 'काका, दुकानात बायका नसताना वाचा.' मग आठवलं की मामांनी तुला बोल लावले ते दवाखान्याच्या व्हरांड्यात, भर दुपारी. आपले सगळे होते, शेजारचे होते, दुसऱ्या पेशंटांची माणसंसुद्धा माना वळवून बघत होती. दोष चारचौघांत लागला, तर कबुली एकांतात कशी चालेल? काका, दुकानात जितक्या बायका असतील तितक्यांसमोर वाचा. मोठ्याने वाचा.

ताई, ती चूक तुझी नव्हती. माझी होती.

काकांना आणि बाकीच्यांना कळावं म्हणून पहिल्यापासून लिहिते. आमच्या घरात चुलीच्या वर एक फळी होती. त्या फळीवर सहा डबे असायचे, सगळे एकसारखे, कारण ताई तेव्हा गावातल्या लाँड्रीत होती, तिथले रिकामे डबे घासूनपुसून घरी आणायची. घरात वाचता येणारी मी एकटी आणि मी शिकायला बाहेरगावी, म्हणून डबे जागेवरून ओळखायचे. डावीकडून पहिला आईच्या टाचांच्या मलमाचा, मेण आणि तेल एकत्र वितळवून केलेला. अगदी उजवीकडे, खिडकीला लागून, कपड्यांचे डाग काढायची पांढरी पेस्ट. ती इतकी जहाल की ताई ती काडीने घ्यायची. अंधारातही कुणाचा हात चुकायचा नाही.

मी सुट्टीत घरी आले होते. मदतनीसाच्या अभ्यासक्रमात नुकतंच शिकवलं होतं, प्रत्येक डब्यावर नाव हवं आणि डबे वर्णानुक्रमे लावलेले हवेत. तू कामावर होतीस, आई झोपली होती. मी फळी धुतली, पुसली, सहा चिठ्ठ्या लिहिल्या, खळ लावून चिकटवल्या. आणि डबे वर्णानुक्रमे लावले. 'डागांची पेस्ट' डावीकडे पहिली आली. 'मेणाचं मलम' खिडकीजवळ गेलं. मी लांब उभी राहून बघितलं तेव्हा मला वाटलं, आता कुठे हे घर शिकलेल्यांचं दिसतंय. माझ्याशिवाय त्या चिठ्ठ्या वाचणार कोण, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

इथवर निष्काळजीपणा आहे. पुढचं त्याहून वाईट आहे, आणि ते तुला आणि मलाच माहीत आहे.

संध्याकाळी तू आलीस. दिवा माझ्या पुस्तकापाशी होता. आईच्या टाचा कोमट पाण्यात भिजवल्यास, टिपून घेतल्यास. फळीकडे गेलीस आणि तिथून हाक मारलीस, "मास्तरीण, फळी झाडलीस वाटतं? डबे तिथेच आहेत ना?"

मी पुस्तकात डोकं घालून म्हटलं, "हो."

तू विचारलं होतंस, ताई. तुला शंका आली होती आणि घरात जिला वाचता येतं तिला तू विचारलंस. यापेक्षा जास्त काय करायचं असतं? मी मान वर केली नाही. तुझा प्रश्न माझ्या कानावर पडला होता, पण मी तो ऐकला नव्हता. तू जाड थर लावलास, मोजे चढवलेस, आईच्या पायांवर पांघरूण घातलंस. आईला साखर होती, तळवे बधिर, तिला काही कळलं नाही. सकाळी मोजे काढले तेव्हा काय दिसलं ते मी लिहीत नाही. ते तुला रोज दिसत असणार.

व्हरांड्यात मामा बोलत होते तेव्हा मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मी खाली बघितलं.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "गप्प राहा. तुझा निकाल लागायचाय. औषधात चूक केली असं कुठे गेलं तर तुला कामावर कोण ठेवेल? ती सोसेल. तिला सवय आहे." हे लिहून मी आईवर ढकलत नाही. ती आजारी होती आणि घाबरली होती. मी धडधाकट होते. तिने मला फक्त दार उघडून दिलं, बाहेर मी माझ्या पायांनी गेले. नंतर रोज वाटायचं, उद्या सांगू. टाच भरून आली, आई काठी घेऊन चालायला लागली, मला वाटलं, आता सांगून काय होणार. पुढच्या वर्षी आई गेली ती हृदयाने, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, मी दोनदा विचारून घेतलं. तू कामावरून आलीस, दारात उभी राहून तिच्या पायांकडे बघितलंस आणि पुढे केलेले हात मागे घेतलेस. सगळ्यांनी ते बघितलं आणि सगळ्यांना वाटलं तू दगड आहेस. मला माहीत होतं ते काय आहे. तरीही मी बोलले नाही. तू त्याच दिवशी निघून गेलीस.

मामांनाही हेच पत्र लिहिलंय, शब्दाला शब्द. नर्सबाईंनाही आज सांगितलं, मी वास का घेते ते. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कामावर ठेवायचं की नाही याचा विचार मी करायचा, तू नाही. जा, राणीसाहेब थांबल्यात."

सोबत जो डबा आहे त्याला सील नाही. मी स्वतः केलंय, आईच्या प्रमाणाने, एक वाटी मेणाला चार वाट्या तेल, पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून. त्यावर चिठ्ठी लावलेली नाही. उघड आणि वास घे. तुला कळेल.

माझ्यासाठी काही करू नकोस. माफ करू नकोस, पत्र लिहू नकोस. फक्त हातांना लाव. त्यांनी काही केलेलं नाही.

धाकटी


८ जानेवारी

काका,

पत्र मिळालं का? मिळालं असेल तर काही लिहू नका. मिळालं नसेल तर तेवढं कळवा. मी पाकिटावर पत्ता बरोबर लिहिला होता, तीनदा तपासला. डबा गळला तर नाही ना? मेण कमी पडलं असेल तर तेल सुटतं.

ती आली होती का, ऐकलं का, एवढंच. पण तेही राहू दे. तिला विचारायला लावलंय असं वाटेल.

मामांचं उत्तर आलं. एकच ओळ आहे. 'झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला उकरतेस.' त्यांच्या बाजूने ते कधीच मिळालं होतं. त्यांना मी परत लिहिलंय की तुम्ही व्हरांड्यात बोललात ते शब्द तुम्ही स्वतः जाऊन मागे घ्या. याआधी मी मामांना कधी उलटून बोललेले नाही. पत्र टाकल्यावर टपालपेटीपाशी बराच वेळ उभी होते.

महिना संपायला तेवीस दिवस आहेत.

धाकटी


१९ जानेवारी

पोरी,

ही तुझी ताई सांगतेय आणि मी लिहितोय. मध्ये मी बोललो तर ते कंसात समज.

'मास्तरीण,

तुझं पत्र काकांनी वाचलं तेव्हा दुकानात सात बायका होत्या. (आठ. एक मापं द्यायला आली होती, ती तशीच हात वर करून उभी राहिली.) वाचून झालं. मग कपड्यांना खळ करणारी आमची कांजीवाली म्हणाली, "म्हणजे ही चार वर्षं दुसऱ्याच्या चुकीचा उपास करतेय होय!" आणि रडायला लागली. मी नाही रडले. मला काम होतं.

तुला वाटतं मला काही माहीत नव्हतं? माझ्या फळीवरचे डबे हललेत हे मला हात लावल्याबरोबर कळलं होतं, म्हणून तर विचारलं. तू "हो" म्हणालीस ते मी ऐकलं. नंतर व्हरांड्यात तुझ्याकडे बघितलं ते त्यासाठीच, की तुलाही आठवतंय का. तू खाली बघितलंस. मला कळलं, आठवतंय.

मी का बोलले नाही? बोलले असते तर मामा म्हणाले असते, अडाणी ती अडाणी, वर शिकलेल्या पोरीवर ढकलते. आणि तुझा निकाल मलाही हवा होता. अंगठा मी लावला होता ना त्या कागदावर. (इथे मी दोन बटणं टाचून घेतली.)

पण एक तू चुकीचं लिहिलंस. माझ्या हातांनी काही केलं नाही असं नाही. त्या पेस्टचा वास मला दहा हातांवरून येतो. त्या दिवशी सर्दीने नाक चोंदलं होतं. पण बोटांना तर सर्दी नव्हती? मलम ओघळतं, पेस्ट खरखरते. बोटांना खरखर लागली होती, नंतर चुरचुरलीही. मी म्हटलं, थंडीने मलम थिजलं असेल, भेगा झोंबत असतील. तू हो म्हणालीस म्हणून मी बोटांचं ऐकलं नाही. तेवढं माझं आहे, ते मी तुला देणार नाही. बाकीचं तू घेतलंस ते ठीक केलंस. फार जड झालं होतं.

तू सांगशील म्हणून चार हिवाळे वाट बघितली. तुझी ती दोन-तीन मिनिटं आणि कोमट पाणी आलं तेव्हा इतका राग आला की डबा भिरकावणार होते. (भिरकावला होता. माझ्या कापडांच्या गठ्ठ्यावर पडला म्हणून वाचला.)

नवा डबा आठ दिवस काकांच्या कपाटात होता. मग एका संध्याकाळी म्हटलं, बघू तरी हिला प्रमाण आठवतं का. उघडून वास घेतला. तेल किंचित जास्त झालंय. आई पावणेचार वाट्या घालायची. पण आईचाच वास होता.'

(पुढचं ती सांगत नाही, मी सांगतो. तिने आधी करंगळीला लावलं. मग थांबली. मग माझ्याकडे पाठ करून दोन्ही हातांना लावलं, बोटाबोटाच्या मध्ये, सावकाश, जसं दुसऱ्या कुणाच्या हाताला लावावं तसं. मी दिवा लावायला उठलो नाही.)

'यंत्राचं म्हणशील तर परवा लागलं, काल नाही, आज तिसऱ्या वेळेला लागलं. हिरवा दिवा बघून सगळ्या ओरडल्या, मालक धावत आला, त्याला वाटलं आग लागली. आता म्हणतो, अंगठा बरा होतोय तर फेब्रुवारीही बघू. मोजे घालून झोपते. सगळ्या हसतात. कांजीवालीलाही लावून दिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला.

मामा आले होते. दारात उभे राहून हवापाण्याचं बोलले. मी चहा दिला. कप ठेवताना म्हणाले, "तेव्हा मी जरा जास्तच बोललो." मी म्हटलं, "जरा नाही." ते म्हणाले, "हो." एवढंच.

लांब वाक्यं लिहीत जाऊ नकोस, काकांना दम लागतो. आणि काका लागतात म्हणून तुला मनातलं लिहायला संकोच होतो हेही मला कळतं. त्यावर मी काय करणार, या वयात बाराखडी नको मला.

डबा परत पाठवतेय.'

(ताईने इथे सही केली आहे. शाई माझी, अंगठा तिचा. मी सांगितलं, जरा हलका टेकव. म्हणाली, "मला शिकवू नका. आयुष्यभर हेच करत आले.")


२३ जानेवारी

ताई,

पुडकं आलं तेव्हा मी मलमाच्या फेरीवर होते. वरून चाचपलं तर आत डबा. पुन्हा परत! चार नंबरच्या मास्तरांच्या हाताला अर्धंच लागलं होतं, ते म्हणाले, "उघडून बघ आधी. माझे हात कुठे पळून जात नाहीत." मी उघडायला घेतला. हलका लागला.

डबा रिकामा होता. घासलेला, वाळवलेला, तू लाँड्रीतून आणायचीस तसा. आत लाँड्रीच्या साबणाचा वास.

मास्तरांनी पत्र मागितलं नाही, फक्त विचारलं, "चांगलं की वाईट?" मी म्हटलं, "रिकामा डबा आहे." ते म्हणाले, "मग रडतेस कशाला?"

तुझा अंगठा मी शाळेच्या त्या कागदाशेजारी ठेवून बघितला. जुन्यात रेषा बारीक आहेत, नव्यात रुंद झाल्यात. मधोमध अजून एक पांढरी भेग आडवी गेलीय, तिच्या दोन्ही बाजूंनी रेषा मात्र सलग लागतात. ती भेग भरेपर्यंत झोपतानाचे मोजे सोडू नकोस. हे छोटं वाक्य आहे.

नवा डबा भरून पाठवतेय. पावणेचार वाट्या.

खाली मी नाव लिहीत नाही. आश्रमाच्या कचेरीतून शाईचा पॅड मागून आणला. कारकून म्हणाला, "सही येते ना तुला?" मी म्हटलं, "येते. पण हे जिला पाठवायचंय, तिला हे वाचता येतं."

काका, इथून पुढे तुम्ही थांबा. कागद तिच्या हातात द्या.